ओझ्याच्या बोटीला कोणता पंखा?

आमचा धंदा कापडाचा. लुगडी, शर्टिंग, टॉवेल, चादरी आणि सणाच्या दिवसांत तयार कपडे. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या बाजारात गाठोडे उघडणाऱ्या माणसाने बोटीच्या इंजिनावर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण नर्मदेच्या काठच्या गावांशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांना ते वाटणार नाही. सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांच्या हद्दीत आले. मणिबेली हे बुडितात सापडलेले महाराष्ट्रातील पहिले गाव. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. पूर्वी जिथे पायवाटेने नाला ओलांडून पलीकडच्या पाड्यावर जाता येत होते, तिथे आता खोल पाणी आहे. माल न्यायचा तर बोट, दवाखाना गाठायचा तर बोट, शाळेचे तांदूळ पोहोचवायचे तरी बोटच. आरोग्य खात्याला या पाण्यावर तरंगते दवाखाने चालवावे लागले. २०२० साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत पाड्यांवरील बाळांपर्यंत पोहोचल्या, ही बातमी देशभर गाजली.

जिथे बोट आहे तिथे आपल्या कारागिरांना काम आहे. पत्रा कापणारा, वेल्डिंग करणारा, इंजिन खोलणारा मिस्त्री आणि सुट्या भागांचा दुकानदार, हे बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातले. म्हणून मला जे नुकसान सोसून कळले ते या पानावर मांडतो आहे.

आमची तराफा-बोट

माझ्या भाच्याचे वेल्डिंगचे वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी त्याने, नदीकाठच्या एका नावाड्याने आणि मी मिळून भागीदारीत एक पाँटून बोट करायचे ठरवले. पाँटून बोट म्हणजे दोन बाजूंना दोन लांब बंद नळकांडी, त्यांवर लोखंडी चौकट आणि वर सपाट फळ्या. ही काही आजची कल्पना नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी नळकांड्यांवर लाकडी फळ्या टाकून अशी बोट केली आणि पुढे तिचा मोठा धंदा उभा राहिला. सपाट असल्याने तिच्यावर गाठोडी, धान्याची पोती, मोटारसायकल सारे नीट बसते. ती सहसा कलंडत नाही. आमच्या कामाला तीच योग्य होती.

भाच्याने तीन मिलीमीटर पत्र्याची, ६० सेंटीमीटर व्यासाची आणि सात मीटर लांबीची दोन नळकांडी केली. मागे लावायला शहरातल्या एका दुकानातून २५ हॉर्सपॉवरचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन घेतले. ते आधी एका हलक्या, वेगाने पळणाऱ्या बोटीवर होते. दुकानदाराने रिकाम्या बोटीवर चालवून दाखवले. बोट सुरेख पळाली आणि आम्ही खूश होऊन पैसे मोजले.

होळीच्या आधीच्या आठवड्यात पहिली फेरी केली. आमच्या डोंगरात होळी म्हणजे कापडाचा मोठा हंगाम. बोटीवर अकरा माणसे आणि कापडाची चार गाठोडी होती. जायचे होते चौदा किलोमीटर. घाट सुटला तशी बोट जड झाली. इंजिन पूर्ण दाबले तरी घुमल्यासारखा आवाज, मागे काळसर धूर आणि चाल मात्र बैलगाडीची. डोंगरांच्या अरुंद भागात समोरून वारा लागला तेव्हा बोट सरळ राहीना. तोंड फिरून ती काठच्या खडकांकडे सरकू लागली. बोटीत एक बाई तान्हे मूल घेऊन बसली होती. तिने मुलाला लुगड्याच्या पदराने छातीशी बांधून घेतले, ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. नावाडी म्हणाला, "शेठ, इंजिन थकलंय. बांबू घ्या हातात." आम्ही बांबू टेकवून बोट खडकापासून दूर ठेवली आणि वारा पडेपर्यंत एका खोबणीत थांबलो. पोहोचायला अडीच तासांहून जास्त वेळ लागला. वीस लिटरपेक्षा अधिक पेट्रोल जळाले.

परत आल्यावर दुकानदाराने सांगितले, "इंजिन लहान पडले, ४० हॉर्सपॉवरचे घ्या." भाचा मात्र म्हणाला, "मामू, इंजिन बदलण्याआधी पंखा बघू." त्याचे म्हणणे खरे निघाले. इंजिन बदलावे लागले नाही. पंखा बदलला, आणि त्याला नव्या इंजिनाच्या किमतीचा लहानसा हिस्साच लागला.

पंख्यावरचे दोन आकडे

प्रत्येक पंख्याच्या बुडख्यावर किंवा पात्यावर आकडे कोरलेले असतात. आमच्या पंख्यावर ९ ७/८ × १२ असे होते. पहिला आकडा व्यास. पाती फिरताना जे वर्तुळ होते त्याची इंचांतली रुंदी. दुसरा आकडा पिच. पंखा एक फेरा फिरला तर तो पाण्यात किती इंच पुढे सरकायला हवा, ते माप.

आपल्या शिलाई कारागिरांना पिच लगेच समजेल. मशीनचे चाक एकदा फिरले की कापड एक टाका पुढे सरकते. टाका लांब ठेवला तर शिलाई झपाझप होते. पण जाड कापडाचे चार पदर एकावर एक ठेवून लांब टाका लावला तर मशीन कण्हते, सुई अडते. जाड मालाला टाका लहान करावा लागतो. बोटीचेही तसेच. हलक्या बोटीला मोठे पिच चालते, ओझ्याच्या बोटीला लहान पिच लागते. सायकलवाला चढावर गिअर हलका करतो, त्यातला हिशेब हाच.

कागदावरचा वेग असा काढतात. समजा इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेते आणि गिअरचे प्रमाण २ ला १ आहे. तर पंख्याचे फेरे झाले २,७५०. पिच १० इंच असेल तर मिनिटाला २७,५०० इंच, म्हणजे सुमारे ६९८ मीटर. ताशी जवळजवळ ४२ किलोमीटर. हा आकडा ऐकून गिऱ्हाईक भुलते. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, पंखा त्यात स्क्रूसारखा घट्ट बसत नाही. तो घसरतो. हलक्या, पळणाऱ्या बोटीत ही घसर दहा-पंधरा टक्के असते. भरलेल्या तराफ्यात कागदी वेगाचा अर्ध्याहून जास्त भाग घसरीत जातो. त्यातच सात मीटरची जड बोट ताशी अकरा-बारा किलोमीटरला आली की पुढची ताकद बहुतेक लाटा उठवण्यातच खर्च होते. म्हणून ओझ्याच्या बोटीला वेगाचा पंखा लावणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

इंजिनाची नाडी : आरपीएम

पंखा बरोबर आहे की नाही हे आवाजावरून किंवा अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते की पूर्ण दाबल्यावर त्याने मिनिटाला किती ते किती फेरे घ्यावेत. आमच्या इंजिनाला ५,००० ते ६,००० लिहिले होते. दुसऱ्या इंजिनाला वेगळे असेल, म्हणून स्वतःची पुस्तिका पाहावी. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर सांगून अधिकृत विक्रेत्याकडून आकडा घ्यावा.

फेरे मोजायला टॅकोमीटर लागतो. स्पार्क प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारा छोटा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. कापडवाल्याच्या दुकानात गज नसेल तर त्याच्या मापावर कोण विश्वास ठेवील? बोटवाल्याचा गज म्हणजे टॅकोमीटर.

आम्ही मोजले. रिकाम्या बोटीवर ५,२०० फेरे आले. म्हणजे दुकानदाराने दाखवले ते खोटे नव्हते, पण ते रिकाम्या बोटीचे होते. अकरा माणसे आणि गाठोड्यांसह मोजले तर फेरे फक्त ४,५००. पुस्तिकेच्या खालच्या हद्दीपेक्षा ५०० कमी. इंजिनाला श्वास घ्यायला जागाच नव्हती. असे इंजिन रोज चालवले तर ते तापते, कार्बन धरते, पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो. माणसाच्या पाठीवर रोज दीडपट पोते दिल्यासारखे ते आहे.

आता सोपा नियम ध्यानात ठेवा. पिच एक इंच कमी केले तर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. एक इंच वाढवले तर तितकेच कमी होतात. आम्हाला किमान ५०० फेरे वाढवायचे होते. म्हणून १२ ऐवजी ९ पिचचा पंखा घेतला. भरलेल्या बोटीवर फेरे ५,१५० झाले. रिकाम्या बोटीवर ५,७००. म्हणजे दोन्ही टोके पुस्तिकेच्या हद्दीत बसली. हे दुसरे टोकही तपासणे जरुरीचे आहे. पिच फार लहान घेतले तर रिकाम्या बोटीवर इंजिन हद्दीबाहेर पळते आणि तेही त्याला घातक.

वारा नसलेल्या दिवशी त्याच चौदा किलोमीटरला सव्वा तास लागला आणि पेट्रोल सुमारे बारा लिटर. रिकामी बोट मात्र आधीपेक्षा थोडी हळू झाली. त्याचे आम्हाला दुःख नाही. रिकामी बोट पळवून कोणाच्या घरात चूल पेटत नाही.

व्यास, पाती आणि धातू

व्यास मोठा असेल तर पंखा जास्त पाणी पकडतो. जड आणि हळू चालणाऱ्या बोटीला मोठा व्यास व लहान पिच ही जोडी उत्तम. पण व्यास आपल्या मर्जीने वाढवता येत नाही. इंजिनाच्या खालच्या भागात जेवढी जागा आहे तेवढाच पंखा बसतो. व्यास एक इंच वाढला तर इंजिनावर साधारण दोन-तीन इंच पिच वाढवल्याइतका भार येतो, हेही विसरू नये. काही कंपन्या जड बोटींसाठी मुद्दाम जास्त जोर देणारी इंजिने काढतात. त्यांत गिअर हळू असतो आणि पंखा मोठा. नवे इंजिन घेणाराने हॉर्सपॉवर विचारण्याआधी हे विचारावे. ओझ्याच्या कामाला असे २५ चे इंजिन साध्या ३० पेक्षा उपयोगी पडू शकते.

तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा पंखा घेतला तर पकड वाढते, घाटाला लागताना आणि मागे घेताना बोट ऐकते, कंप कमी होतो. त्याने फेरे साधारण ५० ते १०० कमी होतात, म्हणून पिच त्याप्रमाणे एक इंच लहान घ्यावे.

धातूबद्दल माझा सल्ला साधा आहे. आपल्या पाण्यात ॲल्युमिनियमचा पंखा घ्यावा. स्टीलचा पंखा मजबूत असतो, पाती वाकत नाहीत आणि चालही थोडी सुधारते. पण बुडितातल्या झाडांचे खुंट, पातळी उतरल्यावर वर येणारे खडक आणि काठाचा गाळ यांचा विचार करा. ॲल्युमिनियमची पात आपटली तर पात जाते. स्टील आपटले तर तो झटका थेट गिअरपर्यंत जाऊ शकतो. एक पात वाचवण्यासाठी गिअरबॉक्स गमावणे हा नफ्याचा सौदा नाही. वाकलेल्या पात्याचा पंखा हातोडीने ठोकून वापरू नये. एक पात दुसरीपेक्षा वेगळी झाली की सगळे इंजिन थरथरते आणि शाफ्टचे सील जाते.

लावण्यातल्या चुका

काही वेळा पंखा बरोबर असतो आणि दोष बसवण्यात असतो. इंजिनावर पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती पाण्याच्या वर राहिली तर पंखा हवा ओढतो. मग फेरे एकदम चढतात आणि बोट मात्र जागची हलत नाही. पाँटून बोटीत दोन नळकांड्यांच्या मधून फेसाळ पाणी येते, म्हणून हा त्रास जास्त. आम्ही ती पट्टी पाण्याच्या प्रवाहाखाली एक-दोन इंच जाईल अशी बैठक केली. वेल्डरभावांनी बैठकीचा पत्रा करताना बोल्टला दोन-तीन उंचीची भोके ठेवावीत. पहिल्याच वेळी उंची बरोबर बसेल असे नाही.

पंखा मागवताना इंजिनाचा मेक, मॉडेल, शाफ्टवरचे दाते आणि जुन्या पंख्यावरचा नंबर लिहून घ्यावा. "२५ चा पंखा द्या" एवढे सांगून आणलेला पंखा बहुधा परत करावा लागतो. पंख्याच्या आत रबराचा बुश असतो. तो सुटला की इंजिन फिरते, पंखा फिरत नाही, आणि माणूस पिचला दोष देतो. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळला गेला तर तो सील कापतो. महिन्यातून एकदा पंखा काढून पाहावा आणि शाफ्टला ग्रीस लावावे. गिअरचे तेल दुधासारखे पांढरे झाले तर पाणी शिरले असे समजावे.

बोटीवर एक जादा पंखा, नट, स्प्लिट पिन, पाना, पक्कड आणि दोन वल्ही अथवा बांबू कायम ठेवावेत. भर पाण्यात दुकान नसते.

पंखा बदलला म्हणून माणसे वाढवू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवा पंखा लावल्यावर बोट हलकी चालू लागली. तेव्हा नावाड्याला वाटले की आता पंधरा-वीस माणसे घेता येतील. भाडे वाढेल, हिशेब लवकर फिटेल. मलाही क्षणभर तसेच वाटले. भाच्याने खडूने लोखंडी चौकटीवर हिशेब मांडला. आमच्या दोन नळकांड्यांचे आकारमान मिळून जवळजवळ चार घनमीटर. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो. म्हणजे नळकांडी पूर्ण बुडाली तर चार हजार किलो उचलतील, पण पूर्ण बुडालेली बोट ही बोट राहत नाही. नळकांडी अर्ध्याहून जास्त बुडू नयेत असे आम्ही ठरवले, म्हणजे दोन हजार किलो. त्यांतून बोटीचे स्वतःचे सुमारे हजार किलो वजा करा. उरले हजार. इंजिन आणि पेट्रोल धरले की अकरा माणसे आणि चार गाठोडी, झाले. पंखा बदलल्याने या हिशेबात एक किलोही वाढत नाही. पंखा ढकलतो, तारत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सणाला धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटली आणि मुलांसह अनेक जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. सणाचा दिवस होता, सगळ्यांनाच जायचे होते. अशा वेळी नाही म्हणणे किती कठीण जाते हे धंदेवाल्याला कळते. पण तिथेच नाही म्हणावे लागते. आम्ही बोटीच्या बाजूला पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. पाणी रेघेला लागले की त्यापुढे माणूसही नाही आणि गाठोडेही नाही, मग ते माझ्याच दुकानाचे का असेना. प्रत्येक माणसाला लाईफ जॅकेट आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने बंधनकारक केली आहेत. कागदपत्रांचा कंटाळा करू नये.

थोडक्यात

बोट तयार झाली की नेहमीच्या ओझ्यासह, वारा नसलेल्या पाण्यात, इंजिन एक-दोन मिनिटे पूर्ण दाबून फेरे मोजावेत. एकदा जाताना, एकदा येताना. फेरे पुस्तिकेच्या हद्दीपेक्षा कमी आले तर पिच कमी करावे, जास्त आले तर वाढवावे. नंतर रिकाम्या बोटीवर पुन्हा मोजावे. आकडे वहीत तारखेसह लिहावेत. काही महिन्यांनी फेरे बदलले तर पात वाकली आहे, नळकांड्यात पाणी शिरले आहे किंवा इंजिन थकले आहे, हे त्या वहीवरून लगेच उमगते. दुकानदाराकडे जाताना ही वही बरोबर न्यावी. वही हातात असलेल्या गिऱ्हाइकाला ४० चे इंजिन गळ्यात मारणे सोपे नसते.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. डोंगरांच्या अरुंद भागात तसाच वारा समोरून आला. नावाड्याने इंजिन दाबले. बोटीचे तोंड सरळ राहिले. बांबू फळ्यांवर आडवे पडून होते, कोणाला उचलावे लागले नाहीत. काठाला लागल्यावर नावाडी म्हणाला, "शेठ, इंजिन तेच ना?" मी म्हणालो, "तेच दादा. माप घेतले, एवढेच."